मिनिमम ड्यू साहेबांस, सा. न. वि. वि.

श्री. मिनिमम ड्यू साहेब,
मुक्काम क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट, वरचा कोपरा, ठळक टाईप

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्हाला पाठवलेले ३,००० रुपये पोचले. पोचल्याचा मेसेजही तुम्ही तिथल्या तिथे धाडलात, वर 'धन्यवाद' म्हणालात. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका शिवलेला ब्लाउज घालून लग्नाला जाऊन येतात तरी इतक्या तत्परतेने आभार मानत नाहीत, म्हणून मन भरून आलं. मग पुढचं स्टेटमेंट उघडलं. ६०,००० रुपयांचं कर्ज ५९,४७८ झालेलं होतं.

तीन हजार गेले, पाचशे बावीस वळते झाले. आधी वाटलं छपाईची चूक असेल. पण तुमच्याकडे चुका होत नाहीत, निदान तुमच्या तोट्याच्या तरी होत नाहीत. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी साठ हजारांचं व्याज २,१०० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ३७८. झाले २,४७८. तीन हजारांतून ते वजा जाता उरले ५२२, आणि तेवढं मात्र तुम्ही अगदी प्रामाणिकपणे मुद्दलात जमा केलंत. नाही म्हणायला जागा नाही.

आता हा हिशेब मला कळतो त्या भाषेत मांडते. मी डोंबिवलीत घरी बसून फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते, सीझनला पदराला गोंडे बांधते. एका साडीच्या फॉल-पिकोचे शंभर रुपये घेते. फॉलची पट्टी, दोरा, वीज आणि मशीनवाल्याची अधूनमधून होणारी भेट वजा जाता हातात साठेक रुपये पडतात. म्हणजे तुमचे तीन हजार म्हणजे पन्नास साड्या. त्यांतल्या पस्तीस साड्यांना मी तुमच्यासाठी फॉल लावला, सहा साड्यांना सरकारसाठी, आणि कर्ज फेडण्यासाठी नऊ साड्यांना. पस्तीस साड्या नेसणार कधी, साहेब? एवढ्या तर लग्नाच्या बस्त्यातही नसतात.

तुमची-माझी ओळख दवाखान्यात झाली. सासूबाईंचं ऑपरेशन झालं, मेडिक्लेम होता, पण डिस्चार्जच्या दिवशी ग्लोव्हज, मास्क, आणखी कसली कसली नळी, खोलीभाड्यातला फरक, अशी कापाकापी होऊन उरलेलं बिल काउंटरवर आमच्या नावाने निघालं. सासूबाई व्हीलचेअरवर तयार, रिक्षा दाराशी. नवऱ्याने कार्ड काढलं. त्या क्षणी तुम्ही किती मोठ्या मनाचे वाटलात! पुढच्या महिन्यात साठ हजारांचा आकडा बघून आमच्या पोटात गोळा आला, तेव्हाही तुम्हीच धीर दिलात: एवढे कशाला, तीन हजार भरा, बाकी सावकाश. लेट फी नाही, सिबिलवर डाग नाही, वसुलीचे फोन नाहीत. एवढ्या प्रेमाने आम्हाला सख्ख्या नातेवाइकांनीही 'सावकाश द्या' म्हटलं नव्हतं. अर्थात नातेवाईक व्याजही मागत नव्हते, पण ते तर कौतुकसुद्धा करत नाहीत. तुम्ही तर अधूनमधून अभिनंदन करता, की तुमची नियमित परतफेड बघून आम्ही तुमची मर्यादा वाढवू इच्छितो, फक्त संमती द्या. संमती विचारता हे मी तुमच्या सभ्यतेच्या खात्यावर घालणार होते, पण रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून विचारायला भागच पाडलंय असं कळलं.

तुम्हाला आमच्या घरात जागा कशी मिळाली तेही सांगून ठेवते, कारण त्यात तुमची हुशारी आणि आमच्याकडची रीत दोन्ही आहेत. आमच्याकडे दोन कर्जं. एक फ्लॅटचं, लाखांतलं. ते मोठं, म्हणून मानाचं. त्याचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून पहिल्या आठवड्यात आपोआप कापला जातो, त्याबद्दल कुणी आवाज चढवून बोलत नाही. दुसरे तुम्ही. छोटे. आणि माझी कमाईही छोटी, तिला घरात 'तुझं ते फॉलचं' असं म्हणतात. तेव्हा छोट्याची छोट्याशी सोयरीक लावून देण्यात आली: "तुझं ते फॉलचं येतं ना, त्यातून कार्डाचं मिनिमम टाकत जा." सगळ्यांना पटलं. फ्लॅटच्या कर्जाला नऊ टक्के. त्या दराने साठ हजारांचं महिन्याचं व्याज होतं ४५० रुपये. तुमचं जीएसटी धरून २,४७८. म्हणजे जे कर्ज साडेपाच पट महाग, ते घरातल्या सगळ्यात बारक्या, सगळ्यात बेभरवशाच्या कमाईच्या गळ्यात. हा ताळेबंद कुठल्याही सीएने केला असता तर त्याची सनद काढून घेतली असती. आमच्याकडे तो चहा पिता पिता झाला आणि तुम्ही कोपऱ्यात बसून गालातल्या गालात हसलात.

बेभरवशाची म्हणजे किती, ते तुम्हाला ठाऊक नसावं. तुमची तारीख अठरा, बाराही महिने अठरा. माझ्याकडे मात्र नवरात्राच्या आधी नऊ रंगांच्या नऊ साड्या घेऊन बायका दारात रांग लावतात, लगीनसराईत रात्री दीड-दीडपर्यंत मशीन चालतं, खालच्या मजल्यावरून तक्रार येते. आणि पितृपक्षात? पंधरा दिवस कुणी नव्या साडीची घडी मोडत नाही. कावळ्यांना नैवेद्य मिळतो, मला गिऱ्हाईक मिळत नाही. त्या महिन्याच्या अठरालाही तुम्ही हजर. सर्वपित्रीला तुमच्या नावाने पान वाढावं असं मनात आलं होतं, पण ते गेलेल्यांसाठी असतं, तुम्ही जायचं नाव घेत नाही.

शिवाय माझे पैसे येतात बायकांच्या सवडीने. "अगं, जीपे करते हं संध्याकाळी." कुठल्या संध्याकाळी, ते त्या सांगत नाहीत आणि मी विचारत नाही, कारण वरच्या मजल्यावरच्या काकूंशी उद्या गणपतीच्या आरतीला एकत्र उभं राहायचंय. मध्यंतरी मी मनातल्या मनात तुमची पद्धत लावून बघितली. काकूंकडे ब्लाउजचे चारशे रुपये बाकी. "काकू, घाई नाही हो. सध्या वीस रुपये द्या. उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्के, वर जीएसटी. आणि हो, बाकी फिटेपर्यंत नवीन जे काही शिवायला टाकाल त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज." काकूंनी मला सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत उभं केलं असतं. तुम्ही मात्र हेच, शब्दाला शब्द, अख्ख्या देशाशी करता आणि तुम्हाला रिवॉर्ड पॉइंट देणारे म्हणतात!

हा पहिल्या दिवसापासून व्याजाचा मुद्दा तुम्ही फार नाजूकपणे हाताळला आहे, दाद द्यायला हवी. कार्ड घेताना माणूस सांगतो, पन्नासेक दिवस बिनव्याजी. खरंच असतात, जोपर्यंत दर महिन्याचं बिल पूर्ण भरलं जातं तोपर्यंत. एकदा मिनिमम भरून बाकी पुढे ढकलली की ते दिवस गेले. मग त्याच कार्डावर आणलेला किराणा, मुलाची वह्या-पुस्तकं, सगळं दुकानातून घरी पोचायच्या आत व्याजाला लागलेलं. मी कार्ड त्याच महिन्यात साडीच्या बॉक्समध्ये तळाशी टाकलं. पण शेजारच्या विंगमधल्या ताई अजून समजतात की मिनिमम भरतोय म्हणजे नव्या खरेदीला दिवस मिळतात. त्यांना हे तुम्ही कधी सांगणार? की त्यांनीही साड्यांत मोजायला शिकायचं?

तुमचा एक गुण मला सगळ्यांत आवडला. तुम्ही दर महिन्याला थोडे बारीक होता. बाकीच्या पाच टक्के ना, मग बाकी घटली की तुम्हीही घटता. तीन हजार, मग २,९७४, मग आणखी थोडे कमी. बघणाऱ्याला वाटतं कर्ज हलकं होतंय. मुलगा झोपल्यावर त्याचा कॅल्क्युलेटर घेऊन बसले. तुम्ही सांगाल तेवढंच भरत गेले, कार्डाला पुन्हा हातही लावला नाही, तरी साठाचे तीस हजार व्हायला साडेसहा वर्षांहून जास्त. तेवढ्यात तुमच्याकडे जमा होणार साधारण एक लाख बहात्तर हजार. तीस हजार फेडायला! आणि उरलेले तीस तसेच. सासूबाईंच्या टाक्यांचे व्रण जातील, तुमचे नाही.

मग आकडा उलटा धरून बघितला. तुम्ही बारीक झालात तरी मी होणार नाही, दर महिन्याला तीनच हजार भरणार, असं ठरवलं तर सगळं कर्ज ४४ महिन्यांत संपतं. पाच हजार भरले तर १७ महिन्यांत. म्हणजे वर दोन हजार, तेहतीस-चौतीस साड्या, की सव्वादोन वर्षं वाचली आणि चाळीस-पंचेचाळीस हजार रुपये वाचले. एवढी साधी गोष्ट. स्टेटमेंटवर छापायला दोन ओळी पुरल्या असत्या. पण तुमच्या ॲपवर तीन चौकोन: पूर्ण रक्कम, जी बघून छातीत धस्स होतं. 'इतर रक्कम', जिथे किती ते आपलं आपण टाकायचं. आणि मधोमध तुम्ही, रंगीत, हसतमुख, एका बोटावर तयार. अठराला रात्री कुकरची शिट्टी होताना कुणाचं बोट कुठे पडेल, ते तुम्ही बरोबर ओळखलंय.

असं नाही की तुम्ही काहीच छापत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे स्टेटमेंटवर एक वाक्य असतं, की दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरली तर परतफेड अनेक महिने किंवा वर्षं लांबेल आणि बाकीवर चक्रवाढ व्याज भरावं लागेल. वाचलं मी. चष्मा लावून, ट्यूबलाइटखाली. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला जे अक्षर दिसायला त्रास होतो, ते कुणासाठी छापलंय हा प्रश्न मी विचारत नाही.

आमच्याकडे सावकार नव्हते असं थोडंच आहे! हा मुलूख सावकारीत तुमच्यापेक्षा जुना. १८७५च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले, त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले, आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावोगाव गेलं. इंग्रज सरकारला चौकशी नेमावी लागली, १८७९ साली कायदा करावा लागला. मी तसलं काही सुचवत नाहीये, घाबरू नका. जाळणार काय? तुमचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये येतं, ते उघडायलाच नावाची चार अक्षरं आणि जन्मतारीख लागते. सुप्याचे लोक पासवर्डपाशीच अडले असते.

आणि आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता: थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये, एका वेळी त्याहून जास्त मागता यायचं नाही. सावकार कितीही बेरका असला तरी त्या कुंपणाशी थांबे. तुमची करामत अशी की तुम्ही व्याज थकूच देत नाही. महिन्याच्या महिन्याला हातात घेता, वर पाचशे रुपये मुद्दलात टाकता, की झालं सगळं नियमित. नियमित देणाऱ्याकडून मुद्दलाच्या पाचपट घेतलं तरी दामदुप्पट कुठे झाली? आमचे जुने सावकार उगाच बदनाम झाले, त्यांना पाच टक्क्यांची ही युक्ती सुचली नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलं होतं की कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा. २०२४च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, दर ठरवणं हे आयोगाचं काम नाही म्हणून. तुमच्याकडे त्या दिवशी पेढे वाटले असतील. आमच्याकडे तुमचा दर वर्षाला बेचाळीस, जीएसटी धरून पन्नासाला टेकलेला. बचत गटात आम्ही बायका एकमेकींना महिन्याला दोन टक्क्यांनी देतो, ते व्याजही गटातच फिरतं, तरी कुणीतरी म्हणतंच, बाई, चोवीस टक्के म्हणजे सावकारी झाली.

घरबसल्या काहीतरी करते म्हटलं की लोक हमखास लिज्जत पापडाची गोष्ट ऐकवतात. १९५९, गिरगाव, गच्चीवर सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये. मलाही ती आवडते. पण त्या ऐंशी रुपयांवर महिन्याला साडेतीन टक्के लावायला तुम्ही त्या गच्चीवर हजर नव्हतात, हे भाग्य कुणी मोजत नाही. आता दुसरी गोष्ट सांगणारेही भेटतात, 'घरबसल्या महिना पंचवीस हजार', आधी नोंदणीचे बाराशे भरा म्हणणारे. त्यांना मी तुमचा पत्ता देते. दोघांचं जमेल.

तुमच्या ऑफिसातून फोन येतो ती मुलगी मात्र गोड बोलते. नियमाप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नसतात; तिचा फोन वसुलीचा नसतो, तरी तेवढं ती पाळते. एकदा म्हणाली, "मॅडम, बाकी ईएमआयमध्ये कन्व्हर्ट करून देऊ?" विचारलं, किती टक्क्यांनी. म्हणाली सोळा, वर प्रोसेसिंग फी. बेचाळीसचे सोळा! हे सोळा आधी कुठे ठेवले होते, असं विचारल्यावर ती हसली. तिचा काय दोष, तीही बहुतेक कुठल्यातरी घरातलं 'तुझं ते फोनचं' असेल.

तर आता मूळ मुद्दा. ही बातमी तुम्हाला आवडणार नाही, पाणी पिऊन घ्या. माझ्या पाटल्या बँकेत ठेवल्या. सोनेतारण, दर दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साठ हजारांना महिन्याला पाचशे रुपये व्याज, आणि त्या व्याजावर जीएसटी नाही. हा मान सरकारने खास कार्डाच्या व्याजासाठी राखून ठेवलाय. त्या पैशांतून तुमची सगळी बाकी उद्या भरते. सासूबाई पाटल्यांसाठी दोन दिवस बोलल्या नाहीत, नंतर स्वतः येऊन म्हणाल्या, हप्ता चुकवू नकोस, नाहीतर लिलाव होतो. हे तुमच्यासारखं गोड नाही, पण खरं आहे. म्हणून महिन्याला पाच हजार तिकडे ठरवलेत, म्हणजे वर्षभरात, फार तर आणखी दोन महिन्यांत, पाटल्या हातात. तीन हजार फॉल-पिकोचे. दोन हजार नवऱ्याच्या पगारातून, त्याच्या मोबाइलच्या प्लॅनला, शनिवारच्या बाहेरच्या जेवणाला आणि भावाला दर दिवाळीत पाठवायच्या पाकिटाला कात्री लावून. त्यावर घरात जी चर्चा झाली ती तुमच्यासमोर मांडण्यासारखी नाही. पण पितृपक्षाच्या महिन्यात माझे तीन हजार कमी पडले तर पगारातून पूर्ण करायचे, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय. त्याची सहीसुद्धा आहे. 'तुझं ते फॉलचं' म्हणायचं बंद झालेलं नाही, तेवढं एकदम होत नाही.

तुम्ही मात्र यापुढे आमच्या वाटेला येऊ नका. सिबिलची काळजी करू नये, ती आता मी स्वतः करते. खातं बंद केल्याचं पत्र लेखी हवंय. मेसेज नको, धन्यवादही नको.

कळावे,
आपली नियमित,
डोंबिवली पूर्व

ता. क.: तुमच्या साहेबलोकांच्या घरी साड्यांना फॉल-पिको करायचं असेल तर जरूर पाठवा. दर शंभर रुपये, गोंड्यांचे वेगळे. पैसे साडी नेताना, पूर्ण. पाच रुपये आता आणि बाकी सावकाश, असं आमच्याकडे चालत नाही.